नकाशावरचा पांढरा रंग : मंद्रूप, डुकरे आणि दीडशे वर्षांची गफलत

१/ रोगाच्या नकाशांचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटपासून सुरुवात करतो. १८५४ चा कॉलरा, डॉ. जॉन स्नो, घरांपुढे मृत्यूंच्या आखलेल्या काळ्या रेघा आणि मधोमध तो प्रसिद्ध पंप. कथा सुंदर आहे. मात्र ती ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्यामुळे एक घातक समज रूढ झाला आहे. तो म्हणजे, नकाशा काढला की रोग दिसतो.

२/ प्रत्यक्षातला क्रम वेगळा होता. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला. नकाशा छापून आला तो त्यानंतर. स्नो यांना मृतांची यादी मिळाली ती मृत्युनोंदणीच्या कार्यालयातून. इंग्लंडमध्ये ही नोंदणी १८३७ पासून चालू होती. म्हणजे अगोदर नोंदवही, मग घरोघरची विचारपूस आणि सर्वांत शेवटी नकाशा. नोंदवहीच नसती तर स्नो यांचा कागद कोराच राहिला असता आणि कोऱ्या कागदाकडे पाहून कोणीही म्हणाला असता की सोहोमध्ये सर्व क्षेमकुशल आहे.

३/ आता लंडनहून मंद्रूपला यावे. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव सोलापूर–विजापूर रस्त्यावर आहे. सोलापूरहून निघाले की वडकबाळला सीना ओलांडावी लागते, मग मंद्रूप, पुढे टाकळी आणि तिथे भीमा. सीना आणि भीमा यांच्या बेचक्यातला हा मुलूख. इतिहासप्रेमींना या दोन नद्यांचा संगम हत्तरसंग कुडलमुळे ठाऊक असतो. शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख तिथेच आहे.

४/ बंगळुरूला पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ‘निवेदी’. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या पशुरोगाचा धोका आहे, याचे भाकीत ती दोन महिने आधी प्रसिद्ध करते. त्या रोगांच्या यादीत डुकरांचा स्वाइन फीवरही आहे. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु एकक आहे जिल्हा. सोलापूर जिल्हा म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पसरलेले अकरा तालुके. त्या सगळ्यांना एकच रंग. मंद्रूपचा रंग करमाळ्याच्या रंगाहून वेगळा असण्याची सोयच त्या नकाशात नाही.

५/ याहून मोठी अडचण रंगाच्या आत दडलेली आहे. असे भाकीत पूर्वीच्या उद्रेकांच्या नोंदी आणि हवामान यांवरून केले जाते. पूर्वी जिथून नोंद आली, तिथे पुढचा धोका दिसतो. जिथून कधी नोंदच आली नाही, ती जागा पांढरी राहते आणि पाहणारा पांढऱ्या रंगाचा अर्थ ‘रोग नाही’ असा लावतो. त्याचा खरा अर्थ ‘कोणी सांगितले नाही’ एवढाच आहे. या दोन वाक्यांमधली दरी बुजवण्याऐवजी उपग्रह, डॅशबोर्ड आणि संगणकीय प्रारूपे यांचे गोडवे गाणारे लोक इतिहासाचा एक जुना धडा विसरत आहेत.

६/ तो धडा १८७१ सालचा आहे. त्या एका वर्षात तीन कागद जन्माला आले आणि इतिहासाच्या पुस्तकांत ते सहसा एकत्र ठेवले जात नाहीत.

७/ पहिला कागद म्हणजे गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल. हॅलन नावाचे पशुवैद्य त्याचे प्रमुख होते. बुळकांडीने देशभर गुरे मरत होती. शेती, वाहतूक आणि सैन्याची रसद, सगळे बैलावर चालत होते. म्हणून सरकारने गुरांच्या रोगाचा देशव्यापी शोध घेतला. गाय-बैल राज्यकर्त्यांच्या नजरेला दिसू लागले ते महसुलामुळे.

८/ दुसरा कागद म्हणजे कोंडवाड्याचा कायदा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे आणि मालकाकडून दंड घ्यावा, असा हा कायदा. त्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, शिंगरे, खेचरे, गाढवे, मेंढ्या, शेळ्या, करडे. आणि या यादीत डुकरेही आहेत. म्हणजे पिकात शिरलेले डूकर १८७१ मध्येच सरकारदप्तरी रीतसर दाखल झाले होते.

९/ तिसरा कागद म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याची अंमलबजावणी झाली आणि कैकाड्यांसारख्या जमाती त्याच्या जाळ्यात आल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. हजेरी, परवाना, पहारा. शहरातला तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो.

१०/ तीन कागद शेजारी ठेवले की चित्र उमटते. बैलाच्या रोगाची चौकशी झाली, डुकराचा दंड ठरला, आणि पुढे ज्या समाजांत डुकरे पाळली जात त्यांतल्या काहींची हजेरी घेतली गेली. गुन्ह्याच्या नोंदवहीत डूकरही होते आणि त्याचा मालकही. रोगाच्या नोंदवहीला मात्र दोघांचे वावडे होते.

११/ यानंतरही क्रम तोच राहिला. १८८९ मध्ये पुण्यात पशुरोगांच्या संशोधनासाठी शाही प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली. आजची इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था हा तिचाच वारसा. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न बुळकांडीचा होता. जनावरांच्या विशिष्ट रोगांवर देशपातळीचे कायदे झाले ते घोड्यांसाठी: १८९९ चा ग्लँडर्स व फार्सीचा आणि १९१० चा डूरीनचा. घोडा लष्कराचा होता. कोणत्या जनावराचा रोग ‘रोग’ मानायचा, हे त्या जनावराच्या मालकाची पत ठरवत होती.

१२/ यावर एक आक्षेप हमखास येतो. सोलापूर हा काही आसाम नव्हे. इथे डुकरे किती? २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे मोजली गेली. २०१२ च्या तुलनेत ती १२ टक्क्यांनी कमी होती. सर्वाधिक आसामात, सुमारे २१ लाख. मग भीमेकाठच्या थोड्याथोडक्या डुकरांसाठी एवढा खटाटोप कशाला?

१३/ या आक्षेपाला रोगच उत्तर देतो. लाळ्या-खुरकूत हा गाय-म्हशींचा रोग म्हणून ओळखला जातो. पण त्याची बाधा झालेले डूकर श्वासावाटे जितका विषाणू बाहेर टाकते, तितका गाय टाकत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यासोबत डुकरांच्याही लसीकरणाचा समावेश करण्यात आला. पाच वर्षांसाठी १३ हजार ३४३ कोटी रुपयांचा हा कार्यक्रम. उकिरड्यावरचे डूकर लसीच्या यादीतून सुटले तर गोठ्यातली गाय सुरक्षित राहत नाही.

१४/ ज्यांना हे पुस्तकी वाटते त्यांनी २००१ चे इंग्लंड पाहावे. २० फेब्रुवारीला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांमध्ये लाळ्या-खुरकुताचे निदान झाले. माग काढत अधिकारी नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुक्करपालन केंद्रापर्यंत पोहोचले. तिथे हॉटेलातले खरकटे न उकळता जनावरांना घातले जात होते. निदान होईपर्यंत मेंढ्यांच्या बाजारांतून रोग देशभर गेला होता. पुढच्या काही महिन्यांत २,०२६ ठिकाणी रोग नोंदवला गेला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे ठार करण्यात आली.

१५/ त्या संहारात नकाशाने काय केले, हा भाग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. गणिती प्रारूपांच्या आधारे ठरले की बाधित शेताला लागून असलेल्या शेतांतील जनावरेही मारावीत. ‘लागून’ म्हणजे काय, हे कागदावरच्या सीमांवरून ठरले. मधून नदी वाहते की डोंगर आहे, दोन शेतांतली जनावरे एकमेकांना कधी भेटतात की नाही, याचा विचार अनेक ठिकाणी झाला नाही. निरोगी जनावरे नकाशामुळे मेली. या धोरणावरचा वाद तिथे अजून शमलेला नाही. म्हणजे नकाशा नसला तर हानी, आणि आंधळा नकाशा असला तरीही हानीच.

१६/ (एक खुलासा, कारण गोंधळ नेहमी होतो. स्वाइन फ्लू वेगळा आणि स्वाइन फीवर वेगळा. २००९ मध्ये पुण्याला ज्याने हादरवले तो फ्लू माणसाकडून माणसाला होत होता. तरीही त्याच वर्षी इजिप्तने देशातली डुकरे मारण्याचा हुकूम काढला. त्या वेळी त्या देशात या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. डुकरे होती कैरोचा कचरा वेचणाऱ्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांची. रोगाचा नकाशा नसताना जातीपातीचा नकाशा कसा कामाला येतो, त्याचे हे उदाहरण.)

१७/ आता आफ्रिकन स्वाइन फीवर. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. १९२१ मध्ये मॉन्टगोमेरी यांनी केनियातून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. २००७ मध्ये तो जॉर्जियात पोहोचला, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात. भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या दिवसांत मेलेली डुकरे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात तरंगत असल्याच्या बातम्या आल्या. जुलै २०२२ मध्ये रोग केरळातल्या वायनाडला आढळला. ईशान्येचा रोग म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवण्याची सोय त्या दिवशी संपली.

१८/ नदीत तरंगणारी ती कलेवरे हाच या विषयाचा गाभा आहे. मेलेले जनावर नदीत टाकणे २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्याने अनुसूचित रोगाची शंका येताच मालकाने गावपातळीवर खबर देणे बंधनकारक आहे. आफ्रिकन स्वाइन फीवरही त्या अनुसूचीत आहे. मग मालकाने खबर देण्याऐवजी कलेवर रात्री नदीत का टाकले? ‘अडाणीपणा’ हे उत्तर कार्यालयांना फार प्रिय आहे. ते खोटे आहे.

१९/ खरे उत्तर भरपाईच्या नियमात आहे. केंद्राच्या योजनेत वजनाप्रमाणे दर ठरलेले आहेत; शंभर किलोंवरच्या डुकराला १५ हजार रुपये. पण ही रक्कम सरकारने ठार केलेल्या डुकरासाठी आहे, रोगाने मेलेल्यासाठी नाही. ज्याच्या दारात डुकरे मरून पडली आहेत त्याने खबर दिली, तर मेलेल्यांचे काही मिळणार नाही, उरलेली मारली जातील आणि एक किलोमीटरचा बाधित टापू व दहा किलोमीटरचा देखरेखीचा टापू जाहीर होऊन शेजाऱ्यांचाही धंदा बसेल. २०२१ मध्ये मिझोराममध्ये ३३ हजारांहून अधिक डुकरे रोगाने मेली. सरकारने मारलेल्यांची संख्या त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. भरपाई कोणाला आणि नुकसान कोणाचे, हे या दोन आकड्यांतून वाचावे.

२०/ याच्याशेजारी महाराष्ट्रातला लम्पीचा अनुभव ठेवावा. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने मृत जनावरांसाठी मदत जाहीर केली: दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. ‘मृत’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पंचनामा झाला की पैसे मिळणार, म्हणून मालक स्वतः दवाखान्यात जात होता. सोलापूर जिल्ह्यातही लम्पीचा फैलाव गावागावांच्या नावानिशी दिसला. यामागे पशुपालकाचा रोखीचा हिशेब होता, त्यासाठी उपग्रहाची गरज पडली नाही. गाईसाठी जे साधले ते डुकरासाठी साधता येणार नाही, असे म्हणायला शास्त्रीय आधार कोणताही नाही.

२१/ ‘मेलेल्या डुकराचे पैसे दिले तर खोटे दावे येतील’ हा दुसरा आक्षेप. येतील, लम्पीच्या वेळीही त्यासाठीच पंचनामा ठेवला होता. खोट्या दाव्याची किंमत काही हजार रुपये असते. दडवलेल्या उद्रेकाची किंमत इंग्लंडने २००१ मध्ये मोजली.

२२/ सक्तीने हे साधत नाही, याचा पुरावा मराठी माणसाला परदेशात शोधण्याची गरज नाही. १८९७ चा प्लेग पुरेसा आहे. घरात शिरून तपासणी, रुग्णाला उचलून नेणे, सामानाची जाळपोळ. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे शाळेत शिकवले जाते. त्या दडपशाहीने रोगाच्या नोंदीच खोट्या करून टाकल्या, हे शिकवले जात नाही. खबर देणाऱ्यालाच शिक्षा झाली की पुढची खबर येत नाही.

२३/ उलट उदाहरणही भारताचेच आहे. बुळकांडी संपली ती खबरेची वाट पाहत बसल्याने नव्हे. १९९२ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत पशुवैद्यक गावोगाव फिरले, गुरांच्या वाटांवर तपासणी झाली, ‘असे लक्षण दिसले का’ हे माणसांना त्यांच्या भाषेत विचारले गेले. १९९५ नंतर देशात एकही रुग्ण सापडला नाही; २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. १८७१ च्या अहवालात सुरू झालेली कहाणी अशा रीतीने पायी संपली.

२४/ परदेशात डुकरांच्या रोगांचे नकाशे आज बारकाईने काढले जातात. डेन्मार्कमध्ये प्रत्येक पालनकेंद्राला क्रमांक आहे आणि त्याची मध्यवर्ती नोंद आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेला प्रकल्प पूर्णतः ऐच्छिक आहे: पालक आपल्या कळपाची माहिती स्वतः देतात, कारण ती गोपनीय राखली जाते आणि बदल्यात त्यांना परिसरातल्या रोगाची वार्ता वेळेवर मिळते. २०१३ मध्ये तिथे पिलांना जुलाबाने मारणारा एक नवा विषाणू आला, तेव्हा अशी देवाणघेवाण किती मोलाची आहे हे कळले. अर्थात हजारो डुकरांच्या बंदिस्त केंद्रांची रीत ओढ्याकाठी चार डुकरे पाळणाऱ्याला जशीच्या तशी लागू होणार नाही. घ्यायचा तो त्यातला व्यवहार: माहिती दिली तर काही मिळते आणि नाव चव्हाट्यावर येत नाही.

२५/ नाव चव्हाट्यावर न येणे ही अट सोलापुरात दुप्पट महत्त्वाची आहे. या जिल्ह्यातल्या काही कैकाडी आणि वडार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ चित्रपटाचे नावच कैकाडी बोलीतले, अर्थ डूकर. गावाला डूकर धरून हवे असते आणि धरणारा नकोसा असतो, हे ज्याने तो चित्रपट पाहिला त्याला निराळे सांगायला नको. ज्यांच्या आजोबांनी सेटलमेंटमध्ये हजेरी दिली, त्यांच्या दारात उद्या कोणी वही घेऊन गेला तर ते काय समजतील? डुकरांची यादी आणि माणसांची यादी यांत फरक आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वही घेऊन जाणाऱ्याची आहे.

२६/ शिवाय डूकर कोणाच्या खात्यात, हाही घोळ आहेच. केंद्रात बांधलेले असेल तर ते ‘वराहपालन’ आणि पशुसंवर्धन विभागाचे. तेच रस्त्यावर दिसले की ‘मोकाट डूकर’ आणि स्वच्छतेचा प्रश्न. मग पकडण्याच्या मोहिमा, ठेके, वादावादी. विषाणूला हा भेद कळत नाही. खरकट्यावर वाढणारे मोकळे डूकरच या साथीत सर्वांत आधी सापडते, आणि तेच नेमके आरोग्याच्या नोंदीबाहेर राहते.

२७/ राहिला सीमेचा प्रश्न. टाकळीच्या पुलाजवळ एखादा उद्रेक झाला आणि नियमाप्रमाणे दहा किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्याचा मोठा हिस्सा भीमेपलीकडे, धुळखेडच्या बाजूला कर्नाटकात जाईल. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी विजापूर जिल्हाही मुंबई राज्यात होता; दोन्ही तीरांचे कागद एकाच राजधानीत जात. आज एका वर्तुळासाठी दोन राज्यांची दोन खाती, दोन अधिसूचना आणि दोन भाषांतल्या नोंदी लागतील. मंद्रूप परिसरातली माणसे मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलतात. ही सहजता खात्यांच्या पत्रव्यवहारात नाही.

२८/ २००९ च्या कायद्याने रोगाची पहिली खबर घेण्याचे काम गावच्या अधिकाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीवर सोपवले आहे. म्हणजे स्नो यांना जी नोंदवही आयती मिळाली, ती इथे मंद्रूपसारख्या गावाच्या पंचायतीत सुरू व्हायला हवी. कायद्याची त्याला आडकाठी नाही. वजनाचे पाच गट करून जिवंत डुकराची किंमत पैशापर्यंत ठरवणाऱ्या त्या तक्त्यात आजमितीस एक रकाना नाही: रोगाने मेलेल्या डुकराचा.